आठशेचा रोल आणि पाठमोरा सूर

८ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. आत फोटो आहेत, आणि ते इतके वाईट आहेत की खरं तर त्यांना वजनही नको होतं.

झालं असं. स्टुडिओसाठी नवा घेतल्यावर तू मला दिलेला तुझा जुना कॅमेरा कपाटातून काढला. त्याला पंच्याऐंशीची लेन्स लावली, शंभरचा रोल भरला (आपल्या घराण्यात दुसरा रोल धर्मबाह्य) आणि खंड्याचा सराव पाहायला तरणतलावावर गेले. हो, खंड्या. तुझी मुलगी. हे नाव तूच ठेवलंस, पाण्यात सूर मारणाऱ्या त्या निळ्या पाखरावरून. ती आता एकोणीस वर्षांची झाली आहे, कॉलेजसाठी माझ्याकडे राहते, माझ्या संस्कृत सुभाषितांना जांभया देते आणि रोज संध्याकाळी फळीवरून सूर मारते. तुला हे ठाऊक आहे. पण तिचा फोन आला की गेली तीन वर्षं तू "हं, आईला देतो" एवढंच बोलतोस, तेव्हा माहिती जुनी झाली असेल म्हणून पुन्हा कळवते.

आता फोटो पाहा. पहिल्यात धुकं आहे. दुसऱ्यात तेच धुकं पोहण्याच्या पोशाखात आहे. तिसऱ्यात फळी छान आली आहे, फळीवर कोणी नाही. हा तलाव बंदिस्त आहे. छप्पर उंच, काचा दुधी, दिवे हातचे राखून लावलेले. लेन्स पूर्ण उघडली तरी शटर तीसच्या वर जाईना. सेकंदाचा तिसावा भाग म्हणजे मला फार थोडा वाटला होता. तेवढ्यात तुझी मुलगी वीतभर खाली सरकते, हे मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये राज्याच्या संघासाठी निवड स्पर्धा आहे. त्याआधी मला तिचा एक धड फोटो हवा आहे, कॅमेरा हातात धरून काढलेला. तेव्हा गुरुजी, सांगा: आकडा मोठा तसा रोलला उजेड कमी लागतो म्हणतात, मग दोनशे घेऊ, चारशे की आठशे?

तुझी
धाकटी

२९ नोव्हेंबर

ती. दादास,

कार्ड पोचलं. "ट्रायपॉड लाव. फिल्म बदलायची गरज नाही." सहा शब्द. पाणिनीच्या परंपरेत अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानतात. तुला तर घरी पाळणा हलवावा लागला असेल.

तुझी आज्ञा मोडली नाही. मी ट्रायपॉड घेऊन गेले. पण दादा, ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर होतो, मुलगी नाही. धुकं फक्त जास्त रेखीव आलं. शिवाय गॅलरी अरुंद, फरशी ओली. त्या तिन्ही तंगड्या पसरल्या आणि शिट्टी वाजली. खंड्याच्या प्रशिक्षक बाई तरातरा वर आल्या.

"हे काय उभं केलंत? वाट अडते."

"कॅमेरा हलू नये म्हणून."

"काढा. आणि फ्लॅश असेल तर आत्ताच सांगा."

"फ्लॅश नाही."

"नक्की? तुमच्या घरच्यांना ओळखते मी."

मी मान खाली घातली. घराण्यातर्फे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल तू बोलत नाहीस, म्हणून मीच बोलते. तू पहिल्या रांगेत बसला होतास. कॅमेऱ्यात शंभरचा रोल होता. आठशेत माणसं वाळूची दिसतात, हे तुझं मत. तेव्हा उजेड कमी तर फ्लॅश हवा, हा तुझा तोडगा. खंड्या पाठमोरी उडाली, फ्लॅश चमकला, आणि तिचा खांदा फळीवर आदळला. या तीन गोष्टी एकामागून एक घडल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्यानंच फांदी मोडली, यावर आमच्या शास्त्रात स्वतंत्र न्याय आहे, पण निकाल नाही. तू मात्र निकाल त्याच दिवशी लावलास. स्वतःला शिक्षा ठोठावलीस, ती भोगतोही आहेस, आणि तुझ्याबरोबर आणखी कोणाला ती भोगावी लागते हे बघायला वर मान केली नाहीस.

तिला विचारलं मी. ती म्हणते, "आत्या, पाय फळीवरून सुटतानाच वाकडा सुटला होता. फ्लॅश नंतर आला."

"बाबांना सांगितलंस?"

"दवाखान्यात सांगितलं. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत काढतेय. त्यांच्याकडे बघवेना, मग मीही गप्प बसले."

खरं काय ते मला माहीत नाही. फ्लॅश नसता तर काय झालं असतं, हेही नाही. पण फ्लॅशशिवाय फोटो निघतो का, एवढं तरी आपण शोधून काढू शकतो. चारशेचा रोल आणला आहे.

तुझी
धाकटी

२६ डिसेंबर

ती. दादास,

या महिन्यात तुझी दोन कार्डं आली. दुसऱ्यावर तर पत्त्याच्या बाजूलाही मजकूर! वहिनी फोनवर म्हणाली, "जेवता जेवता उठून लिहायला बसले. काय विचारलंस गं तू त्यांना?" म्हटलं, शास्त्रचर्चा चालू आहे.

आधी निकाल कळवते. साधं चारशे वापरलं तेव्हा शटर सव्वाशेवर गेलं. "शटरचा आकडा लेन्सच्या आकड्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर हातच हलतो," हा तुझा नियम पाळला गेला. माझा हात स्थिर आला, गॅलरीचा कठडा स्थिर आला. खंड्याला डोकं आहे, हेही प्रथमच सिद्ध झालं. चेहरा मात्र अजून पुसट.

मग तुझी युक्ती: चारशेचाच रोल आठशेचा समजून वापर आणि लॅबला जास्त डेव्हलप करायला सांग. केलं. सोबतच्या प्रिंट पाहा. उजेडात होतं ते आणखी पांढरं झालं, काळोखात होतं ते काळोखातच राहिलं. पाणी शेवाळी. तुझ्या मुलीचे खांदे विटकरी. जे फिल्मवर मुळात उमटलंच नाही, ते रसायनानं कुठून आणावं? अभावातून भाव निघत नाही, हे आमचे दार्शनिक सांगून थकले. तुमच्या फोटोवाल्यांत एकानंही ऐकलेलं दिसत नाही.

तेव्हा मी दुकानात गेले आणि जे मागायचं ते मागितलं.

"आठशे?" दुकानदारानं चष्मा वर केला. "तुमचे बंधू मागच्या खेपेला इथंच उभे होते. शोकेसमधलं आठशेचं पाकीट बघून नाक मुरडून गेले."

"नाक त्यांचं आहे, फोटो माझा आहे."

"नाटकवाले नेतात हा. रंग चांगले देतो. ग्रेन मात्र दिसणार बरं का ताई, बारीक दाणे."

"दिसू दे. चेहरासुद्धा दिसेल ना?"

तो हसला. मुळापासून आठशेचा म्हणून बनवलेला रोल वेगळा आणि चारशेला चाबूक मारून पळवलेला वेगळा, असं त्याचं म्हणणं. तूही हे जाणतोस. तुझ्या कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "अगदीच अडलं तर ८००" असं लिहून खोडलं आहेस. खोडलेलं वाचण्याचा मला शाळेत पगार मिळतो.

सोळाशेचाही होता. तिथं मी थांबले. मला भावाशी बोलायचं आहे, त्याला पक्षाघात आणायचा नाही.

खंड्या हल्ली पुढे तोंड करून मारायचे सगळे सूर बिनचूक मारते. पाठमोरा मात्र ती अजून टाळते. रोज शेवटी फळीच्या टोकाशी जाते, पाठ फिरवते, टाचा हवेत ठेवून उभी राहते आणि मग खाली उतरते. पाठमोऱ्याशिवाय निवड होत नाही. हे तुला कळवावं की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. मग तुझा स्वभाव आठवला आणि कळवायचं ठरवलं.

तुझी
धाकटी

२४ जानेवारी

ती. दादास,

आठशेचा रोल वापरला! आणि काय सांगू, पुन्हा धुकं.

मी सगळं तू सांगतोस तसं केलं. रोल नीट भरला, लेन्स उघडली, कॅमेऱ्याचा काटा जुळवला. तरी शटर तीसच्या वर जाईना. फिल्म आठपट वेगाची, आणि फोटो जिथल्या तिथे! रंग मात्र झकास आले आहेत, ते पाहा. पाणी पाण्यासारखं, त्वचा त्वचेसारखी. निगेटिव्ह फार काळी दिसते, असं लॅबवाला म्हणाला. मला त्यातलं काय कळतं? खंड्यानं निगेटिव्ह उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याच्या डोक्याकडे बघितलं, आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागली. का, ते सांगत नाही.

"आत्या, हे बाबांना पाठवणार?"

"निगेटिव्हसकट."

"त्यांना झोप लागायची नाही."

"नको लागू दे. शिष्या अडली असताना गुरूनं झोपू नये."

आणखी एक. परवा ती पाठमोरी उडाली. मी गॅलरीत होते, हातात कॅमेरा होता, आणि मी कठडा घट्ट धरून उभी राहिले. सूर थोडा वाकडा गेला, पाणी पार माझ्या चपलांपर्यंत उडालं. ती वर आली ती ओरडतच. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली आणि फक्त म्हणाल्या, "परत." ती परत गेली. त्या संध्याकाळी तिनं तो सूर किती वेळा मारला, ते मी मोजलं नाही. शेवटी मारला तेव्हा पाणी फक्त फळीखालीच हललं.

फोटो एकही नाही. तसा फोटो काढणारा माणूस तिथं नव्हता.

तुझी
धाकटी

११ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. इथं उतरवून ठेवते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही: "फिल्म आठशेची आणि फिल्मच्या वेगाची चकती शंभरवर! कॅमेरा बिचारा शंभर समजून उजेड मागत बसला. म्हणून शटर तीस, म्हणून निगेटिव्ह काळी. लहान पोरालाही कळतं. तू आता कॅमेऱ्याला हात लावू नकोस. स्पर्धेला मी येतो."

आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चुका शोधणारी बाई एक चकती फिरवायला विसरते, यावर तुझा इतक्या सहज विश्वास बसला याचं मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

खंड्याला कार्ड दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "फोटोसाठी येतायत."

"येतायत ना?"

"हो," ती म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. मी चहा ठेवला आणि एकटीनंच जोरात हसून घेतलं.

रोल आणून ठेवले आहेत. चकती तू फिरव.

धाकटी

१९ मार्च

ती. दादास,

प्रिंट आज हाती आल्या. पाकीट सोबत आहे, पण आधी पत्र वाच, मग ते उघड. तुझा स्वभाव पाहता तू आधीच उघडलं असशील. असो.

तू तिथं होतास, सगळं तुझ्यासमोर घडलं, मग मी कशाला लिहिते? कारण नेमकं जे बघायला आला होतास ते तू बघितलं नाहीस. ते मी बघितलं.

तू आलास तोच ट्रायपॉड काखेत मारून. एवढा आठशेवर वाद घातला, आणि तरी ट्रायपॉड! प्रशिक्षक बाई दारातच उभ्या होत्या. तुम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलात, आणि मला वाटलं, तू इथूनच परत फिरणार. तू म्हणालास, "फ्लॅश आणलेला नाही." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. ताई रोज येऊन सांगतात. ते तिकाटणं मात्र माझ्या खोलीत ठेवा." तू ते निमूटपणे त्यांच्या हातात दिलंस. त्या क्षणीच फोटो काढायला हवा होता.

मग तू चकती आठशेवर नेलीस, लेन्स पूर्ण उघडलीस, शटर अडीचशेवर ठेवलंस, कोपरं छातीशी घेतलीस. इतर मुलींचे सूर सुरू झाले आणि तुझा कॅमेरा वाजू लागला. "उडीच्या माथ्यावर शरीर थांबतं," तू पुटपुटलास. "वर जाणं संपलेलं, खाली येणं सुरू नाही. तिथं अडीचशे पुरतं." सांगण्याच्या भरात तू तरुण दिसत होतास.

खंड्याची पाळी आली. कॅमेरा डोळ्याला लागला. ती उडाली, पाण्यात गेली, वर आली. खट् झालं नाही. दुसऱ्या सुराला, तिसऱ्या सुरालाही नाही. बोट बटणावर ठेवलेलं, पांढरं पडलेलं. आयुष्यात प्रथमच मला योग्य सुभाषित आठवलं नाही.

शेवटी पाठमोरा सूर. ती फळीच्या टोकाशी आली, पाठ फिरवली, टाचा हवेत. सगळा तलाव चिडीचूप. आणि त्या चिडीचूपमध्ये तुझी मुलगी, समोर न बघता, मोठ्यानं ओरडली, "बाबा, हा घ्या!"

परीक्षकांनी मान वर केली. बाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटतं, स्पर्धेच्या नियमांत याला काही दंड असावा. कोणी लावला नाही.

ती उडाली. खट्.

आणि इथं, दादा, मला तुझा कॅमेरा आठवला. बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर अंधार होतो. म्हणजे अख्ख्या तलावात ती माथ्यावर असताना एकच माणूस आंधळा होता. आणि आरसा खाली आल्यावर तू डोळे उघडलेच नाहीस, हेही मी पाहिलं.

म्हणून सांगते. ती वर गेली ती सरळ. छातीपासून कमानीसारखी वळली. माथ्यावर थांबली, अगदी तू म्हणालास तशी. खांदा फळीपासून चांगला हातभर लांब. मग बोटं, डोकं, पाय एका रेषेत आले आणि पाण्यानं तिला आत घेऊन वर दार लावून घेतलं.

"वर आली का?" तू कॅमेऱ्याआडूनच विचारलंस.

"आली."

"खांदा?"

"दोन्ही हात हलवतेय. दादा, कॅमेरा खाली घे."

तू खाली घेतलास तेव्हा गुणांचा फलक लागला होता. पहिली. संघात निवड. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंना मी मिठी मारली, त्यांची क्षमा मागायची राहूनच गेली. खंड्या निथळत जिना चढून वर आली आणि तुला बिलगली. "आईला देतो" सोडून तीन वर्षांनी मुलीशी बोललास ते पहिलं वाक्य माझ्या कानांनी ऐकलं:

"अगं, कॅमेरा भिजतोय!"

"भिजू दे."

"अगं, रोल आहे आत!"

"असू दे."

तू तिला सोडलं मात्र नाहीस. कॅमेरा तुम्हा दोघांच्या मधे होता, तो शेवटी मीच बाहेर ओढून काढला, कारण आपल्या तिघांत त्या घडीला अक्कल शिल्लक असलेली मी एकटीच होते. ती दुसऱ्या सकाळी तुझ्याबरोबर घरी गेली. रोल माझ्याकडे राहिला.

आता पाकीट उघड. इतर मुली उत्तम आल्या आहेत, लॅबवाल्यानं तुझं कौतुक केलं. सगळ्यांत खाली खंड्याची एकच प्रिंट आहे. ग्रेन आहे, खोटं बोलत नाही. मागच्या भिंतीवर तर भरपूर. पण पापण्या दिसतात. खांद्यावरची जुनी शस्त्रक्रियेची रेघ दिसते. आणि तोंड बघ. पाठमोऱ्या सुराच्या माथ्यावर, उलटी लटकलेली, ती हसते आहे.

तुझी
धाकटी

३० मार्च

ती. दादास,

काल वहिनीचा फोन आला. मागून तुम्हा बापलेकीचा आवाज ऐकू येत होता. ती म्हणत होती, पुढच्या खेपेला सोळाशे. तू म्हणत होतास, माझ्या घरात सोळाशे चालणार नाही. "सकाळपासून हेच चाललंय," वहिनी म्हणाली. "डोकं उठलं माझं." आणि तिचा आवाज इतका खुशीत होता की फोन ठेवायचं तिच्या लक्षात येईना.

तुझं कार्डही आज आलं. "ग्रेन आहे. असू दे. स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायची आहे. काचेएवढी मोठी काढून घे."

काचेएवढी! ग्रेनच्या भीतीनं ज्यानं आजवर पोस्टकार्डापेक्षा मोठी प्रिंट काढू दिली नाही, त्याचं हे हस्ताक्षर. मी निगेटिव्ह घेऊन लगेच लॅबमध्ये गेले. लॅबवाल्यानं मापं बघितली आणि डोकं खाजवलं.

"ताई, एवढी मोठी केली तर एकेक दाणा मोजता येईल."

"करा," मी म्हटलं. "माझा भाऊ तिच्यासमोर बराच वेळ उभा राहणार आहे."

तुझी
धाकटी